आडवाटेची गाडी : निवड, वजन आणि परतीची तयारी

आडवाटेवर चालणारी गाडी घेताना खरेदीदाराचे लक्ष बहुधा ती कुठवर जाऊ शकेल याकडे असते. ती तिथून परत कशी येईल हा प्रश्न पहिल्या पावसाळ्यात, एखाद्या पाणंद रस्त्यावर चाके काळ्या मातीत धुऱ्यापर्यंत रुतल्यावर पडतो. गाडीची निवड, टायर, वर चढवलेले सामान, ओढून काढण्याची साधने या सगळ्यांचा विचार परतीच्या बाजूने केला, तर अनेक महागड्या वस्तू अनावश्यक ठरतात आणि काही स्वस्त वस्तू अपरिहार्य होतात. त्याआधी एक स्पष्टता हवी. महाराष्ट्रात ‘ऑफ-रोड’ या एकाच शब्दाखाली निदान तीन वेगळ्या गरजा येतात: शेतापर्यंत किंवा वाडी-वस्तीपर्यंत जाणारा मुरमाचा, खड्ड्यांचा रस्ता, सह्याद्रीत गडाच्या पायथ्यापर्यंत किंवा घाटाखालच्या गावांपर्यंत जाणारी चढ-उताराची, पावसाळ्यात निसरडी होणारी वाट, आणि मुद्दाम अवघड केलेल्या मैदानावरचा खेळ. पहिल्या गरजेसाठी चारही चाकांना ताकद देणाऱ्या यंत्रणेची बहुतेकदा आवश्यकता नसते. जमिनीपासून पुरेशी उंच आणि मजबूत पाट्यांची साधी गाडी तिथे वर्षानुवर्षे काम देते, आणि त्या यंत्रणेवर वाचलेला पैसा डिझेलवर व देखभालीवर खर्च करणे अधिक शहाणपणाचे असते.

गाडीचे रूप पाहून तिची क्षमता ठरवणे ही खरेदीतील सर्वांत सामान्य चूक आहे. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेत १९४१ पासून मोठ्या संख्येने बनलेल्या विलिस जीपचा चौकोनी चेहरा भारतात महिंद्र कंपनीने १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत सुरू केलेल्या जुळणीमुळे इतका ओळखीचा झाला, की ‘जीप’ हा शब्द मराठीत अशा कोणत्याही गाडीचे सामान्यनाम बनला. परंतु चौकोनी चेहरा आणि चार चाकांची ओढ यांचा आता अनिवार्य संबंध उरलेला नाही. २०२०च्या ऑक्टोबरमध्ये बाजारात आलेली महिंद्रचीच नव्या पिढीची थार सुरुवातीला केवळ चारचाकी ओढीची होती, पण जानेवारी २०२३मध्ये तिची फक्त मागच्या चाकांना ताकद देणारी आवृत्तीही आली. तिच्यातील दीड लीटरचे डिझेल इंजिन आणि चार मीटरच्या आतली लांबी यांमुळे तिला लहान गाडीच्या दराने कर लागतो व ती बरीच स्वस्त पडते, आणि बाहेरून दोन्ही गाड्या जवळजवळ सारख्याच दिसतात. त्यामुळे, विशेषतः वापरलेली गाडी घेताना, गिअरच्या दांड्याशेजारी दुसरी छोटी दांडी आहे की नाही हे पाहणे हेच पहिले काम होय.

त्या छोट्या दांडीने चालवली जाणारी पेटी म्हणजे ट्रान्सफर केस. गिअरबॉक्समधून आलेली ताकद ती पुढच्या आणि मागच्या धुऱ्यांत वाटते, आणि खऱ्या आडवाटेच्या गाडीत तिच्यात आणखी एक जोडी दंतचक्रे असतात, ज्यांमुळे चाकांचा वेग निम्म्याहून कमी होऊन पिळाचा जोर, म्हणजे टॉर्क, त्याच प्रमाणात वाढतो. थारमध्ये हे प्रमाण सुमारे अडीचपट आहे. या ‘लो रेंज’चा उपयोग केवळ चढासाठी आहे असा समज आढळतो, प्रत्यक्षात तिचे मोल उतारावर अधिक कळते, कारण ओल्या लाल मातीच्या तीव्र उतारावर ब्रेक दाबला की चाके जागीच अडकून गाडी घसरू लागते, तर लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये इंजिन स्वतःच गाडीला माणसाच्या चालीच्या वेगावर धरून ठेवते आणि चाके फिरत राहिल्यामुळे स्टिअरिंगही हुकमात राहते. वेगळी चॅसिस नसलेल्या, म्हणजे मोनोकॉक बांधणीच्या, अनेक शहरी एसयूव्हींमध्ये चारही चाकांना गरजेप्रमाणे ताकद देणारी, ‘ऑल व्हील ड्राइव्ह’ म्हणवणारी यंत्रणा असते, पण लो रेंज नसते. पावसाळी डांबरी रस्ता आणि बर्फ यांसाठी ती उत्तम असली तरी दगडी चढावर तिच्या क्लचचे तापमान लवकर मर्यादेबाहेर जाते.

भारतात मिळणाऱ्या बहुतेक खऱ्या फोर बाय फोर गाड्यांत चारचाकी ओढ गरजेपुरती जोडायची असते. ती जोडली की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांशी घट्ट बांधले जाऊन समान गतीने फिरतात. सैल जमिनीवर चाके थोडी घसरून आपापला हिशेब जुळवून घेतात. कोरड्या डांबरावर मात्र ती घसरू शकत नाहीत, वळणावर पुढच्या चाकांना कापावे लागणारे जादा अंतर शाफ्टमधल्या ताणाच्या रूपाने साठत जाते आणि शेवटी दंतचक्रे किंवा जॉइंट तुटतात. नव्या मालकांकडून होणाऱ्या नुकसानीत हे नुकसान टाळायला सर्वांत सोपे आहे.

या यंत्रणेतला याहून नाजूक भाग म्हणजे धुऱ्याच्या मधली डिफरन्शियल नावाची पेटी. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागत असल्याने ही पेटी दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते. सपाट रस्त्यावरचा हा गुण आडवाटेवर दोष ठरतो, कारण साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच पीळ पोचवते, आणि एक चाक हवेत लटकले की ते फिरवायला लागणारा पीळ नगण्य असल्यामुळे जमिनीवर घट्ट टेकलेल्या जोडीदारालाही तेवढाच नगण्य पीळ मिळतो. ओढ्याच्या काठावर गाडी तिरकी उतरताना पुढचे एक आणि त्याच्या विरुद्ध कोनातले मागचे एक चाक उचलले गेले, तर चारचाकी ओढ जोडलेली असूनही गाडी जागची हलत नाही, याचे कारण हेच. त्यावर तीन उपाय प्रचलित आहेत. पहिला, फिरत्या चाकाला संगणकाद्वारे ब्रेक लावून दुसऱ्याकडे पीळ वळवण्याचा, जो मारुतीच्या जिम्नीत आणि थारमध्ये आहे. दुसरा, दोन चाकांच्या गतीतल्या ठरावीक फरकानंतर आपोआप जुळणाऱ्या यांत्रिक लॉकचा, जो थारच्या काही आवृत्त्यांत मागच्या धुऱ्यावर मिळतो. आणि तिसरा, चालकाने स्वतः जोडायच्या पक्क्या लॉकचा, जो फोर्सच्या गुरखामध्ये पुढे व मागे दोन्हीकडे कारखान्यातूनच येतो. ब्रेकवर आधारलेला उपाय काम करायला चाके काही क्षण फिरावी लागतात, म्हणून नवशिका घाबरून ॲक्सिलरेटर सोडतो आणि यंत्रणेलाच दोष देतो. तिसऱ्या प्रकारात अंदाज चालकाला बांधावा लागतो, पण लॉक लागले की दोन्ही चाके एकत्र फिरतात याची खात्री असते. वर्षातून दोन-चार वेळा आडवाटेला लागणाऱ्यासाठी पहिला पुरेसा आहे, हे किमतीतला फरक पाहता सांगावे लागते.

चाक हवेत जाणारच नाही अशी व्यवस्था हा त्याआधीचा उपाय होय, आणि तो सस्पेन्शनवर अवलंबून असतो. दोन्ही चाके एकाच अखंड धुऱ्यावर असली की एक चाक वर दबल्यावर दुसरे आपोआप खाली ढकलले जाते व जमीन सोडत नाही. जिम्नीत पुढे-मागे असे अखंड धुरे कॉइल स्प्रिंगवर आहेत, १९८५मध्ये आलेल्या आणि २०१९मध्ये सामान्य ग्राहकांसाठी बंद झालेल्या मारुतीच्याच जिप्सीत ते पाट्यांवर होते, तर नव्या थारमध्ये मागे अखंड धुरा व पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, ज्यामुळे महामार्गावर ती जुन्या जीपपेक्षा कितीतरी स्थिर चालते. जमिनीपासूनची उंची, म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स, जाहिरातीत ठळक छापली जाते (थारची २२६ मिलिमीटर, जिम्नीची २१०), पण नाल्यात उतरताना नाक टेकेल की नाही हे पुढच्या चाकापासून बंपरच्या खालच्या कडेपर्यंतच्या कोनावर ठरते, बाहेर पडताना शेपूट घासेल की नाही हे मागच्या कोनावर, आणि बांध ओलांडताना पोट अडकेल की नाही हे दोन चाकांमधल्या अंतरावर. पाच दरवाजांच्या जिम्नीचे मधले अंतर २५९० मिलिमीटर आणि थारचे २४५० आहे; शेताच्या बांधावर हा १४ सेंटिमीटरांचा फरक उंचीतल्या दीड सेंटिमीटरच्या फरकाइतकाच महत्त्वाचा ठरू शकतो.

गाडी घेतल्यावर खर्च करायचा पहिला पैसा टायरवर करावा, कारण गाडी आणि जमीन यांची गाठ चार तळहातांएवढ्या जागेतच पडते. महामार्गाच्या टायरला हायवे टेरेन, दोन्हीकडच्या वापरासाठीच्या टायरला ऑल टेरेन आणि चिखलासाठीच्या मोठ्या खाचांच्या टायरला मड टेरेन म्हणतात. दख्खनच्या काळ्या मातीत पाणी पिऊन फुगणाऱ्या चिकण खनिजांचे प्रमाण मोठे असल्याने ती ओली झाली की टायरच्या खाचा भरून त्याला गुळगुळीत लाटण्याचे रूप देते. मड टेरेनच्या रुंद खाचा वेगाने फिरताना ती माती बाहेर फेकतात, आणि म्हणून ऊसपट्ट्यात त्यांना खरा अर्थ आहे. कोकणातल्या जांभ्यावर आणि घाटातल्या बसाल्टच्या धारदार दगडांवर मात्र टायरची बाजूची भिंत किती जाड आहे हे खाचांपेक्षा अधिक निर्णायक असते. मड टेरेन ओल्या डांबरावर कमी पकड देतात, आवाज करतात, लवकर झिजतात. आणि आडवाटेच्या गाडीचाही बहुतेक प्रवास डांबरावरूनच होत असल्याने बहुसंख्य वाचकांनी ऑल टेरेनच निवडावेत. मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवले तर प्रत्यक्ष वेग काट्यावर दिसतो त्याहून जास्त असतो, चढावरचा जोर कमी होतो आणि धुऱ्यांवरचा भार वाढतो.

टायर बदलण्याआधी त्यातली हवा बदलून पाहावी. रस्त्यावर ३० ते ३५ पीएसआय असलेला दाब वाळूत १५ ते १८पर्यंत उतरवला की टायर पसरून त्याचा जमिनीला टेकणारा भाग लांब होतो, वजन अधिक जागेवर वाटले जाते, आणि क्षणापूर्वी रुतणारी गाडी कोणत्याही साधनाविना बाहेर येते. दाब याहूनही कमी केला तर तीव्र वळणावर टायर रिमवरून निसटण्याचा धोका असतो, आणि डांबरावर परतताना हवा भरलीच पाहिजे, नाहीतर वेगाने चालताना बाजूची भिंत तापून फाटते. म्हणून दाब मोजणारा चांगला गेज आणि बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर ही काही हजार रुपयांची जोडी छतावरच्या दिव्यांच्या रांगेआधी यायला हवी.

सज्जतेच्या उत्साहात सर्वाधिक दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे वजन. प्रत्येक गाडीचे एक कमाल एकूण वजन ठरलेले असते, ज्यात गाडी, माणसे, इंधन आणि सामान सगळे आले. त्यातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की वाहून नेण्याची क्षमता मिळते. जिम्नीचे कमाल वजन १५४५ किलो आणि रिकामे वजन सुमारे १२०० किलो आहे, म्हणजे शिल्लक ३४५ किलोंच्या आसपास. सरासरी ७० किलोंची चार माणसे बसली की २८० किलो संपले. उरलेल्या ६५ किलोंत २० लीटर पिण्याचे पाणी, हत्यारे आणि मुक्कामाच्या पिशव्या बसवायच्या. याच गाडीवर छतावरचा तंबू, लोखंडी बंपर आणि विंच चढवले, तर दोन माणसे आणि त्यांचे सामान यांतच मर्यादा गाठली जाऊ शकते. जास्तीचे वजन स्प्रिंग दाबून जमिनीपासूनची उंची घटवते, ब्रेकचे अंतर वाढवते आणि रुतलेली गाडी काढण्यासाठी लागणारी ओढ वाढवते. ज्या गुणासाठी हलकी गाडी निवडली तोच गुण सामानाने हिरावून घेतला जातो. छतावरचे वजन तर गुरुत्वमध्य उचलून आडव्या उतारावर गाडी कलंडण्याची शक्यता वाढवते, आणि गाडी उंच करणाऱ्या लिफ्ट किटचा दोषही हाच आहे. शिवाय उंची वाढली की शाफ्टचे कोन तीव्र होऊन त्यांचे क्रॉस लवकर झिजतात. प्रवासाची पूर्ण तयारी करून, सगळ्यांना बसवून, जवळच्या वजनकाट्यावर गाडी एकदा तोलून पाहावी. शंभर-दोनशे रुपयांत मिळणारी ती पावती कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा जास्त शिकवते.

पाण्याच्या बाबतीत कंपनीने दिलेली मर्यादा, उदाहरणार्थ थारची ६५० मिलिमीटर, ही संथ पाण्यातली आणि मंद गतीची असते. पाणी हवेच्या नळीतून सिलिंडरमध्ये गेले तर ते हवेसारखे दाबले जात नाही, पिस्टन अर्ध्यातच अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. असे नुकसान साध्या विमा पॉलिसीत बहुधा भरून मिळत नाही. हवा छताच्या पातळीवरून घेणारी नळी, म्हणजे स्नॉर्केल, हा एक धोका कमी करते, पण तापलेला धुरा थंड पाण्यात गेल्यावर आतली हवा आकसून तेलात पाणी ओढले जाते, ते ती थांबवू शकत नाही; त्यासाठी धुऱ्याच्या श्वासनळ्या वर नेऊन बांधाव्या लागतात, आणि हे काम स्नॉर्केलपेक्षा कितीतरी स्वस्त आहे. वाहत्या पाण्याचे गणित तर पूर्णच वेगळे. फरशीपुलावरून दीड-दोन फूट पाणी वाहत असेल तर त्याचा रेटा आणि गाडीला मिळणारी उचल मिळून दोन टनांची गाडीही बाजूला सरकते, आणि दरवर्षी पावसाळ्यात राज्यात घडणाऱ्या अनेक दुर्घटना याच प्रकारच्या असतात. पायी चालत जाऊन काठीने ज्याचा तळ तपासता येत नाही, ते पाणी गाडीनेही ओलांडू नये.

अडकलेली गाडी काढण्याची साधने निवडताना क्रम महत्त्वाचा आहे. फावडे आणि चाकाखाली सरकवायच्या ट्रॅक्शन बोर्डच्या दोन पट्ट्या एकट्या गाडीला पुरतात आणि त्यांनी कोणी जखमी होण्याचा धोका कमी असतो. दुसरी गाडी सोबत असेल तर ताणला जाणारा दोर, ज्याला कायनेटिक रोप म्हणतात, वापरता येतो. तो आपल्या लांबीच्या २० ते ३० टक्के ताणून साठवलेली ऊर्जा हळूहळू सोडतो, त्यामुळे साध्या दोराचा झटका बसत नाही. मात्र ही ऊर्जा प्रचंड असते, आणि तो दोर कशाला बांधला यावर माणसाचा जीव अवलंबून असतो. गाडी ट्रकवर बांधण्यासाठी ठेवलेली पातळ कडी किंवा ट्रेलरचा गोळा या कामासाठी नाही. तो गोळा तुटून तोफगोळ्यासारखा काचेतून आत गेल्याने जगात अनेक माणसे दगावली आहेत. चॅसिसला बोल्टने जोडलेला, क्षमता ठाऊक असलेला हूक आणि ४.७५ टन असा आकडा कोरलेली पाऊण इंची शॅकल, यांहून कमी काही चालत नाही. ओढ लागण्यापूर्वी सर्व माणसांनी दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरावर, बाजूला उभे राहावे.

विंच, म्हणजे बॅटरीवर दोर गुंडाळून गाडी ओढणारे यंत्र, हे सर्वांत लोभस आणि सर्वांत कमी वापरले जाणारे साधन आहे. त्याची क्षमता भरलेल्या गाडीच्या वजनाच्या किमान दीडपट असावी असा संकेत आहे, म्हणून अडीच टनांच्या गाडीला ९,५०० पौंडांचे, म्हणजे सुमारे ४,३०० किलोंचे विंच घेतात. पण हा आकडा ढोलावर दोराचा शेवटचाच थर उरलेला असतानाचा असतो, आणि प्रत्येक वाढत्या थराबरोबर ओढ कमी होते. मध्ये एक कप्पी लावली की वेग निम्मा होऊन ओढ जवळजवळ दुप्पट होते. दोर झाडाला थेट न गुंडाळता रुंद पट्टा वापरावा, नाहीतर साल कापली जाऊन झाड वाळते.

विंच बसवायचे तर पुढचा बंपर बदलावा लागतो, आणि तिथेच कायदा आडवा येतो. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये हीच भूमिका घेतली, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आली. समोरचे लोखंडी बुल बार डिसेंबर २०१७मध्ये केंद्रीय मंत्रालयाने बेकायदा ठरवले, आणि त्यामागचे कारण पटणारे आहे: ते पादचाऱ्याला अधिक जखमी करतात आणि धडकेचा झटका थेट चॅसिसकडे नेऊन एअरबॅगच्या संवेदकांचा अंदाज चुकवू शकतात. ज्याला कारखान्यातूनच लॉक, स्नॉर्केल किंवा योग्य टायर असलेली गाडी मिळते त्याने थोडे जास्त पैसे मोजून तीच घ्यावी; बाहेरून बसवलेला प्रत्येक भाग अपघातानंतर विमा कंपनीशी वादाचा विषय होऊ शकतो.

वापरलेली गाडी घेताना रंग आणि आसने पाहण्यात वेळ घालवू नये. चॅसिसवर आडव्या पट्ट्यांच्या जोडाजवळ भेगा किंवा नंतरचे वेल्डिंग आहे का, किनाऱ्यालगत वापरलेल्या गाडीत गंज आतून पोखरत आला आहे का, डिफरन्शियलचे तेल दुधाळ झाले आहे का, शाफ्ट हाताने फिरवल्यावर क्रॉसमध्ये खेळ जाणवतो का, हे मिस्त्रीला गाडीखाली झोपवून तपासावे. कच्च्या जमिनीवर चारचाकी ओढ आणि लो रेंज प्रत्यक्ष जोडून पाहावी, कारण वर्षानुवर्षे न वापरलेल्या ट्रान्सफर केसची दांडी जागीच अडकलेली असते. जिप्सीसारख्या जुन्या गाडीत पुढच्या चाकांचे हब हाताने जोडायचे असतात, ते खरोखर लागतात का हेही बघावे. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी, फिटनेस तपासणीनंतरच वाढते, हा खर्च किमतीत धरावा.

गाडी कुठे न्यायची नाही, हाही तयारीचाच भाग आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरचे जांभ्या दगडाचे सडे उन्हाळ्यात ओसाड दिसतात, पण त्यावरच्या इंच-दोन इंच मातीच्या थरात पावसाळ्यात उमलणाऱ्या दुर्मीळ वनस्पतींचे बी आणि कंद असतात. तो थर एका चाकाने एकदा दाबला की पाणी मुरण्याची वाट बदलते आणि चाकोरी कित्येक वर्षे राहते. कोकणच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, आणि समुद्राकडे निघालेली पिल्ले चाकांच्या खोल खुणांत अडकून पडतात. गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेणे दंडनीय आहे ते केवळ पर्यटकांच्या सुरक्षेपुरते पाहण्याचे कारण नाही. भरतीच्या रेषेत रुतलेली गाडी काढायला सहा तासांहून कमी वेळ असतो, आणि खारे पाणी एकदा वायरिंगमध्ये शिरले की दुरुस्ती संपत नाही.

प्रवासाहून परतल्यावर त्याच संध्याकाळी गाडीचे पोट गोड्या पाण्याने धुवावे, चाकांच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल काढावा, कारण तो राहिला तर महामार्गावर चाके डगमगतात. ब्रेक पॅडमध्ये अडकलेले खडे, श्वासनळ्यांची तोंडे आणि टायरच्या आतल्या भिंतीवरचे काप पाहावेत, पाण्यातून गेलेली असल्यास धुऱ्याच्या तेलाचा बोल्ट सैल करून दोन थेंब बोटावर घ्यावेत, आणि ते दुधाळ निघाले तर पुढच्या रविवारची वाट न पाहता तेल बदलावे.